सिनॉलॉजी नासवर एलडॅपचा दुसरा सर्व्हर कसा लावायचा, अगदी पहिल्यापासून

ज्या ऑफिसात सगळ्यांचं लॉगिन एकाच नासवरच्या (नास म्हणजे नेटवर्कवरचं स्टोरेजचं मशीन) एलडॅपवर (युजर आणि पासवर्डची एका जागी ठेवलेली यादी, म्हणजे डिरेक्टरी) चालतं तिथं ती नास नुसती अपडेटसाठी रीस्टार्ट केली तरी तेवढा वेळ कुणाचा शेअर्ड फोल्डर उघडत नाही, लिनक्सच्या मशीनवर लॉगिन होत नाही आणि सगळे हातावर हात धरून बसतात. डिस्क जाणं, पॉवर सप्लाय उडणं ही तर पुढची गोष्ट. यावरचा उपाय महाग नाहीये. बऱ्याच ठिकाणी दुसरी नास आधीच असते, बॅकअपसाठी घेतलेली, तिच्यावर त्याच डिरेक्टरीची दुसरी प्रत चालू ठेवायची म्हणजे पहिली बंद असताना दुसरी उत्तर देते. सेटिंगच्या पानावरचं काम तसं थोडक्यात होतं, पण त्याच्या आधीची तयारी आणि नंतरची तपासणी हेच खरं काम आहे आणि नवीन माणूस नेमकं तेच सोडून देतो, म्हणून इथं त्यावर जास्त लिहितोय.

हे सगळं डीएसएम ७ (सिनॉलॉजी नासची ऑपरेटिंग सिस्टिम) धरून लिहिलंय. तुमच्या व्हर्जनमध्ये एखादं बटण इकडंतिकडं असेल किंवा बॉक्सचं नाव थोडं वेगळं असेल, काम तेच आहे. आणि मी इथं नावं, पत्ते देवनागरीत लिहिले असले तरी मशीनमध्ये टाकताना ते इंग्रजी अक्षरात आणि स्मॉलमध्येच टाकायचे.

आधी हे डोक्यात पक्कं करा

एलडॅपमध्ये युजर, ग्रुप, त्यांचे नंबर आणि पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून बनवलेलं, उलटं न फिरवता येणारं रूप) एका जागी ठेवलेले असतात आणि बाकीच्या मशीन तिथं येऊन विचारतात की हा माणूस कोण, पासवर्ड बरोबर आहे का, कुठल्या ग्रुपात आहे. सिनॉलॉजीमध्ये याचं पॅकेज आहे एलडॅप सर्व्हर. त्यात दोन भूमिका असतात. प्रोव्हायडर म्हणजे मुख्य, युजर बनवणं, काढणं, बदलणं सगळं तिथं होतं. कन्झ्युमर म्हणजे दुसरा, तो प्रोव्हायडरकडून सगळा डेटा आपोआप ओढून घेतो आणि स्वतःकडे फक्त वाचण्यापुरती प्रत ठेवतो. एका प्रोव्हायडरला अनेक कन्झ्युमर चालतात. आपल्याला दुसऱ्या नासला कन्झ्युमर करायचंय.

पॅकेज सेंटरमध्ये शोधताना एक गोंधळ हमखास होतो. तिथं सिनॉलॉजी डिरेक्टरी सर्व्हर नावाचं अजून एक पॅकेज दिसतं आणि नाव बघून वाटतं की हेच ते. नाही. ते अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवालं आहे, विंडोजचे पीसी डोमेनला जोडायचे असतील, ग्रुप पॉलिसी चालवायची असेल तर त्यासाठी. तुमच्या ऑफिसात सगळे पीसी विंडोजचे असतील आणि पीसी चालू करतानाचं लॉगिनसुद्धा एका जागेवरून हवं असेल तर एलडॅप सर्व्हरच्या नादाला लागू नका, विंडोज स्वतःहून साध्या एलडॅपवर लॉगिन करत नाही. पण नासवरचे फोल्डर, लिनक्सची मशीन, मॅक, एखादं विकी किंवा तक्रारींच्या तिकिटाचं सॉफ्टवेअर एवढ्यासाठी एक लॉगिन हवं असेल तर एलडॅप सर्व्हर पुरेसं आहे आणि सांभाळायला हलकं आहे.

आता काही लोक विचारतात की दोन्ही नासवर हातानं सारखेच युजर बनवले, सारखाच पासवर्ड दिला तर काय बिघडलं. नावं सारखी दिसली तरी आतले नंबर वेगळे असतात, हे बिघडतं. डीएसएम स्वतःच्या लोकल युजरना १०२६ पासून पुढे नंबर देत जातं, ज्या क्रमानं तुम्ही बनवाल त्या क्रमानं. म्हणजे स्नेहाला एका नासवर १०२८ मिळाला आणि दुसरीवर तिला नंतर बनवलं म्हणून १०३१ मिळाला असं होणारच. एनएफएसवरून (नेटवर्कवरचा फोल्डर जोडायची एक पद्धत) जोडलेल्या लिनक्स मशीनला नावाशी देणंघेणं नसतं, ती नंबर बघते, त्यामुळे स्नेहाच्या फाइली दुसऱ्या नासवर दुसऱ्याच कुणाच्या नावानं दिसायला लागतात आणि तिलाच परमिशन मिळत नाही. सिनॉलॉजीच्या एलडॅपचे युजर सरळ दहा लाखांच्या पुढून सुरू होतात, लोकल नंबरांशी भांडत नाहीत, आणि कन्झ्युमरवर तोच नंबर जसाच्या तसा जातो. म्हणून दोन नासवर एकच माणूस खऱ्या अर्थानं एकच राहायला हवा असेल तर प्रत घेणं हाच मार्ग आहे.

पहिल्या नासवर काय बघून घ्यायचं

प्रोव्हायडर आधीच चालू असेल असं धरतो. नसेल तर पॅकेज टाका, सेटिंग्जमध्ये एलडॅप सर्व्हर चालू करा, प्रोव्हायडर निवडा, एफक्यूडीएन म्हणजे डिरेक्टरीचं पूर्ण नाव द्या, उदाहरणार्थ लॉगिन.ऑफिस.लॅन, आणि रूटचा पासवर्ड ठरवा. हे नाव विचार करून द्या कारण त्याच्यावरूनच बेस डीएन, म्हणजे डिरेक्टरीच्या झाडाचं मूळ, बनतो, आपल्या उदाहरणात तो होईल डीसी=लॉगिन,डीसी=ऑफिस,डीसी=लॅन, आणि हा बेस डीएन नंतर प्रत्येक क्लायंटमध्ये, म्हणजे विचारायला येणाऱ्या मशीनमध्ये, टाकलेला असतो. वर्षभरानं नाव बदलायचं म्हटलं की प्रत्येक मशीनवर परत जावं लागतं. हा रूट म्हणजे नासचा अ‍ॅडमिन नाही हेही लक्षात असू द्या, तो फक्त या डिरेक्टरीचा मालक आहे, त्याचा पासवर्ड वेगळा आणि तगडा ठेवा.

सेटिंग्जच्या पानावर खाली बेस डीएन आणि बाइंड डीएन (ज्या खात्यानं जोडायचं त्याचं डिरेक्टरीतलं पूर्ण नाव) दिसतात. दोन्ही कॉपी करून टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. हातानं टाइप करू नका, एक कॉमा किंवा एक अक्षर इकडचं तिकडं झालं की मेसेज येतो पासवर्ड चुकला असा आणि माणूस पासवर्डच तपासत बसतो.

मग नासचा आयपी. प्रोव्हायडरचा आयपी राउटरकडून दर वेळी नवीन मिळणारा नसावा, फिक्स हवा. समजा पहिलीचा १९२.१६८.१.१० आणि दुसरीचा १९२.१६८.१.११. त्याहून बरं म्हणजे ऑफिसच्या डीएनएसमध्ये दोघींना नावं द्या, नास१.ऑफिस.लॅन आणि नास२.ऑफिस.लॅन, कारण पुढं सर्टिफिकेटच्या वेळी नावंच लागणार आहेत.

फायरवॉल चालू असेल तर प्रोव्हायडरवर टीसीपीचे ३८९ आणि ६३६ हे दोन पोर्ट दुसऱ्या नाससाठी आणि क्लायंटच्या नेटवर्कसाठी उघडा. ३८९ वर साधा एलडॅप चालतो आणि त्याच पोर्टवर स्टार्ट-टीएलएस करून एन्क्रिप्शनसुद्धा चालू करता येतं, ६३६ वर पहिल्यापासूनच एन्क्रिप्टेड. हे पोर्ट राउटरवरून इंटरनेटला उघडे करायचे नाहीत, कितीही सोयीचं वाटलं तरी नाही. दुसरी शाखा जोडायची असेल तर व्हीपीएन करा.

एन्क्रिप्शनबद्दल नवीन लोकांचं म्हणणं असतं की घरचंच तर नेटवर्क आहे, कशाला. पण इथं दुसऱ्या नासकडे काय जातंय बघा, प्रत्येक माणसाच्या पासवर्डचा हॅश. तो एन्क्रिप्शन न करता वायरवरून सोडायचा नाही. एलडॅप सर्व्हरच्या कनेक्शन सेटिंगमध्ये क्लायंटना एन्क्रिप्टेड कनेक्शनची सक्ती करायचा आणि निनावी बाइंड, म्हणजे खातं न देता जोडणं, बंद करायचा ऑप्शन आहे, दोन्हीला टिक लावा. फक्त टिक लावायच्या आधी बघून घ्या की एखादं जुनं फोटोकॉपी मशीन स्कॅन टू फोल्डरसाठी किंवा अ‍ॅड्रेस बुकसाठी साध्या ३८९ वर येत नाहीये ना, असेल तर त्याचं आधी काहीतरी करा नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन अकाउंट्सवाल्यांचा येईल.

आता घड्याळ. ही गोष्ट लोकांना किरकोळ वाटते आणि म्हणूनच राहून जाते. प्रत घेताना कुठला बदल आधीचा कुठला नंतरचा हे डिरेक्टरी वेळेच्या शिक्क्यावरून ठरवते. त्यात सर्टिफिकेटसुद्धा तारखेवर चालतं. एका नासचं घड्याळ मागं पडलेलं असेल तर कधी सिंक अडतं, कधी सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असा एरर येतो. कंट्रोल पॅनलमध्ये रीजनल ऑप्शन्स, तिथं टाइम, एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी सिंक करा हे निवडा आणि दोन्ही नासना एकच सर्व्हर द्या, टाइमझोनही दोन्हीकडे तोच. ऑफिसात इंटरनेट बंद असलेलं नेटवर्क असेल तर पहिल्या नासवर एनटीपी सर्व्हिस चालू करून दुसरीला तिच्याकडून वेळ घ्यायला सांगा.

शेवटी, काहीही हात लावायच्या आधी प्रोव्हायडरच्या पॅकेजमध्ये बॅकअप अँड रिस्टोअर आहे तिथून डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि ती फाइल त्या नासवरून उचलून दुसरीकडे ठेवा.

सिंकसाठी वेगळं खातं

दुसरी नास जोडताना रूटचा पासवर्ड टाकून काम होतं, पण मी ते करू नका म्हणेन. रूटचा पासवर्ड जितक्या जागी साठवलेला तितक्या जागांवरून तो फुटू शकतो, आणि कधी बदलायची वेळ आली तर सिंक तुटतं. एलडॅप सर्व्हरमध्ये काही ग्रुप आधीपासून बनलेले असतात. डिरेक्टरी ऑपरेटर्समधल्या लोकांना डिरेक्टरीत बदल करता येतात, डिरेक्टरी क्लायंट्स हा क्लायंट मशीनना बाइंड करायच्या खात्यांसाठी, आणि डिरेक्टरी कन्झ्युमर्स हा नेमका आपल्या कामाचा, दुसऱ्या सर्व्हरना जोडायच्या खात्यांसाठी. एक नवीन युजर बनवा, नाव काहीतरी सरळ, सिंकनास२ असं, लांब पासवर्ड द्या, त्याला डिरेक्टरी कन्झ्युमर्समध्ये टाका. पासवर्डची मुदत संपणार नाही हे बघा. ऑफिसात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा नियम लावलेला असेल तर या खात्याला त्यातून वगळा, नाहीतर नव्वद दिवसांनी सिंक गुपचूप थांबेल आणि कुणाला कळणार पण नाही.

असंच एक खातं क्लायंटसाठीही बनवून डिरेक्टरी क्लायंट्समध्ये ठेवा, पुढं लागेल.

दुसऱ्या नासवर

दोन्ही नासवर डीएसएम आणि एलडॅप सर्व्हर पॅकेज शक्यतो एकाच व्हर्जनचं करून घ्या. मॉडेल एकच असायची गरज नाही, चार बेची (डिस्कच्या चार खणांची) आणि दोन बेची अशी जोडी सुद्धा छान चालते. सिनॉलॉजी हाय अ‍ॅव्हेलेबिलिटी नावाची जी गोष्ट आहे, दोन नास मिळून एक क्लस्टर, तिला सारखी मॉडेल लागतात, ती वेगळी आणि महागाची. आपल्याला फक्त डिरेक्टरी वाचवायचीये.

नास दोनवर आधीपासून दुसरंच एलडॅप किंवा डोमेन जोडलेलं असेल तर कंट्रोल पॅनलच्या डोमेन/एलडॅप पानावर जाऊन ते बघा आणि कशासाठी जोडलंय हे कळल्याशिवाय पुढं जाऊ नका. तिच्यावर कधीतरी कुणीतरी प्रयोग म्हणून प्रोव्हायडर बनवून ठेवला असेल तर त्यातले युजर कामाचे आहेत का तेही विचारून घ्या, कारण कन्झ्युमर केल्यावर तिथं पहिल्या नासचीच यादी राहणार.

आता पॅकेज सेंटरमधून एलडॅप सर्व्हर टाका, उघडा, सेटिंग्जमध्ये एलडॅप सर्व्हर चालू करायची टिक लावा आणि प्रोव्हायडरऐवजी सिनॉलॉजी एलडॅप सर्व्हरचा कन्झ्युमर हा पर्याय निवडा. त्या पर्यायाच्या नावातच कळतं की समोर सिनॉलॉजीचाच एलडॅप सर्व्हर हवा, एखाद्या उबुंटूवर चालणाऱ्या ओपनएलडॅपचा कन्झ्युमर हा बनत नाही.

प्रोव्हायडरच्या पत्त्याच्या बॉक्समध्ये नास१.ऑफिस.लॅन द्या. एन्क्रिप्शनमध्ये एसएसएल/टीएलएस किंवा स्टार्ट-टीएलएस घ्या, एन्क्रिप्शन नको हा ऑप्शन दिसतो त्याला हात लावू नका. बेस डीएन टेक्स्ट फाइलमधून पेस्ट करा. मग सिंकचं खातं आणि पासवर्ड. अप्लाय दाबा.

जोडलं गेलं नाही तर घाबरून सगळं परत परत टाकत बसू नका, एका क्रमानं बघा. आधी नास दोनला नास एकचं नाव सापडतंय का, नसेल तर नावाच्या जागी आयपी टाकून बघा, आयपीनं झालं म्हणजे डीएनएसची भानगड आहे. आयपीनं पण नाही झालं तर पोर्ट, म्हणजे फायरवॉल किंवा मधला स्विच/व्हीलॅन. पोर्ट उघडा आहे पण नाकारतंय तर खातं किंवा बेस डीएन. आणि ते सगळं बरोबर असूनही अडतंय तर घड्याळ आणि सर्टिफिकेट.

डेटा खरंच आला का

कनेक्शन जोडलं गेलं असं दिसणं आणि डेटा येणं या दोन वेगळ्या गोष्टी. नास दोनवर एलडॅप सर्व्हरमध्ये युजरची यादी उघडा. सगळे दिसायला हवेत, ग्रुपसकट. नुसती नजर टाकून पुढं जाऊ नका, दोन्हीकडचा आकडा जुळवा. मग प्रोव्हायडरवर एक टेस्ट युजर बनवा आणि तो नास दोनवर उमटतो का बघा. त्याचा पासवर्ड बदला. त्याला एका ग्रुपातून काढून दुसऱ्यात टाका. मग डिलीट करा. प्रत्येक वेळी नास दोनवर बघा. बनवणं, बदलणं, काढणं हे तिन्ही पोचतंय हे बघितल्याशिवाय सिंक चालू आहे असं म्हणू नये असं माझं मत आहे, विशेषतः काढणं, कारण त्याची तपासणी कुणीच करत नाही.

अजून खात्री हवी असेल तर अपाचे डिरेक्टरी स्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर टाका. नवीन कनेक्शनमध्ये नास दोनचा पत्ता, पोर्ट ६३६, आणि क्लायंटवालं खातं द्या. डाव्या बाजूला झाड उघडतं, त्यात सीएन=युजर्स आणि सीएन=ग्रुप्स. एखाद्या युजरवर क्लिक केलं की त्याचा यूआयडी नंबर दिसतो, तो नास एकवरच्या नंबराशी ताडून बघा. नवशिक्यानं हे एकदा तरी करावंच, कारण बेस डीएन, बाइंड डीएन ही जी नावं आपण नुसती पेस्ट करत होतो ती त्या झाडावर कुठं बसतात ते डोळ्यानं दिसतं आणि मग कुठल्याही सॉफ्टवेअरचं एलडॅपचं पान समोर आलं तरी भीती वाटत नाही.

आता क्लायंटला दुसरा पत्ता सांगा

दुसरा सर्व्हर उभा राहिला म्हणजे झालं असं समजून बहुतेक जण इथं थांबतात. पण क्लायंटला माहितीच नाही की दुसरा सर्व्हर आहे, तर पहिला बंद पडल्यावर तो विचारणार कुणाला?

सगळ्यात आधी नास दोन स्वतः. तिच्या शेअर्ड फोल्डरवर एलडॅपचे युजर चालायचे असतील तर कंट्रोल पॅनलमधल्या डोमेन/एलडॅप पानावर ती कुठल्या पत्त्याला जोडलीये ते बघा. तिथं नास एकचा पत्ता असेल तर नास एक बंद पडल्यावर नास दोनवर सगळी यादी असूनही ती बाहेर विचारायला जाईल आणि रिकाम्या हातानं परत येईल. तिला स्वतःच्याच प्रतीला जोडा, म्हणजे पत्ता १२७.०.०.१. फोल्डरच्या परमिशनमध्ये एलडॅप युजर निवडून बघा, दिसायला हवेत. फोल्डरच्या परमिशन एलडॅपमधून येत नाहीत हेही ध्यानात ठेवा, एलडॅप फक्त माणसं सांगतं, कुणाला कुठला फोल्डर हे प्रत्येक नासवर वेगळं द्यावं लागतं.

लिनक्सच्या मशीन बहुतेक ठिकाणी एसएसएसडी (लॉगिनची माहिती एलडॅपकडून आणणारा प्रोग्राम) वापरतात. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एलडॅप_यूआरआय नावाची ओळ असते, तिच्यात दोन्ही पत्ते कॉमा देऊन लिहा, आधी नास एक मग नास दोन. तो त्या क्रमानं प्रयत्न करतो. दुसऱ्या शाखेतल्या मशीनना उलटा क्रम द्या, त्यांच्या जवळची नास आधी, म्हणजे लाइन बंद असतानासुद्धा तिथलं लॉगिन चालू राहतं आणि रोजचं कामही पटकन होतं.

दुसऱ्या कंपनीचं स्टोरेज याच एलडॅपला जोडलेलं असेल तर प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी. नेटअ‍ॅपच्या ऑनटॅपमध्ये एलडॅप क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरची यादी असते तिथं दोन्ही आयपी कॉमा देऊन, आणि नंतर त्याचीच एलडॅप चेक कमांड चालवली की कुठल्या सर्व्हरला जोडलं ते सांगते. ट्रूनासच्या बऱ्याच व्हर्जनमध्ये होस्टनेमच्या बॉक्समध्ये दोन पत्ते मधे स्पेस देऊन लिहायचे, कॉमा टाकला तर चालत नाही. म्हणून अंदाजानं लिहू नका, त्या बॉक्सच्या शेजारी जो छोटा प्रश्नचिन्हाचा आयकॉन असतो तो वाचा. काही छोट्या सॉफ्टवेअरमध्ये एकच पत्ता घेतात, त्यांच्यासाठी डीएनएसमध्ये एक वेगळं नाव करून ठेवा आणि गरज पडली की ते नाव नास दोनकडे वळवा. एका नावाला दोन्ही आयपी लावून ठेवायचं हेही लोक करतात पण डीएनएसला कुठली नास बंद आहे हे कळत नाही, ते बंद पडलेल्या नासचा पत्ताही तितक्याच खुशीनं देत राहतं, त्यामुळे अर्ध्या लोकांचं चालतं अर्ध्यांचं नाही आणि शोधायला जास्त त्रास होतो.

सर्टिफिकेटची गोष्ट आता. क्लायंट एन्क्रिप्शननं जोडतो तेव्हा तो बघतो की समोरच्याचं सर्टिफिकेट ओळखीच्या माणसानं दिलेलं आहे का आणि त्याच्यावरचं नाव मी ज्या नावानं बोलावलं तेच आहे का. पहिली नास लावताना कुणीतरी तिचं सर्टिफिकेट सगळ्या क्लायंटवर टाकलेलं असतं आणि विसरलेलं असतं. नास दोनचं सर्टिफिकेट वेगळं, ते क्लायंटला अनोळखी. रोज नास एकच उत्तर देत असल्यामुळे हे कधी कळत नाही, आणि ज्या दिवशी नास एक बंद पडते त्याच दिवशी नास दोन जिवंत असूनही एकही क्लायंट तिच्याशी बोलायला तयार होत नाही. यावर सरळ मार्ग म्हणजे दोन्ही नासना एकाच सीएकडून (सर्टिफिकेटवर सही करून देणारा) सर्टिफिकेट द्या, प्रत्येकीचं स्वतःच्या नावाचं, आणि क्लायंटवर त्या सीएचं सर्टिफिकेट टाका. कंट्रोल पॅनलमध्ये सिक्युरिटी, सर्टिफिकेट, तिथं कुठल्या सेवेला कुठलं सर्टिफिकेट वापरायचं ते ठरवता येतं. मुदत कधी संपते ते दोन्ही नासचं कॅलेंडरवर टाका. आणि क्लायंटमध्ये सर्टिफिकेट तपासूच नको असं सेटिंग करून प्रश्न मिटवणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका.

बंद करून बघा

जोपर्यंत पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करून बघितलेला नाही तोपर्यंत दुसरा सर्व्हर आहे असं धरू नये. सगळ्यांना आधी सांगून, ऑफिस सुटल्यावर, नास एकवर पॅकेज सेंटरमधून एलडॅप सर्व्हर स्टॉप करा. नास बंद करायची गरज नाही, फक्त पॅकेज.

इथं कॅशे तुम्हाला फसवेल हे माहीत असू द्या. एसएसएसडी एकदा विचारलेल्या युजरची माहिती स्वतःकडे ठेवतो, आपोआप ५४०० सेकंद म्हणजे दीड तास. त्यामुळे तुम्ही नास एक बंद केली, आयडी कमांड मारली, नाव आलं, खूश झालात, आणि ते नाव खरं तर कॅशेमधून आलेलं. म्हणून एसएसएस_कॅशे ही कमांड कॅपिटल ई ऑप्शन देऊन चालवा, ती जुनं सगळं शिळं ठरवते, आणि त्या मशीनवर आजवर कधीच लॉगिन न केलेल्या युजरनं लॉगिन करून बघा. तो आत गेला म्हणजे नास दोनकडून खरंच उत्तर आलं. मॅकवर, विंडोजवरून नास दोनच्या फोल्डरला, विकीला, सगळीकडे असंच ताज्या युजरनं बघा. पहिल्या लॉगिनला थोडा जास्त वेळ लागेल, क्लायंट आधी नास एकची वाट बघतो मग दुसरीकडे वळतो, तेवढं चालायचं. पण तो वेळ मिनिटांत जात असेल तर क्लायंटचा टाइमआउट कमी करा.

हे बघताना अजून एक लक्षात येईल, नास एक बंद असताना नवीन युजर बनवता येत नाही, पासवर्ड बदलता येत नाही. कन्झ्युमर वाचण्यापुरताच आहे, ते तसंच अपेक्षित आहे. मग नास एकवर पॅकेज परत चालू करा, एक टेस्ट युजर बनवा आणि सिंक स्वतःहून परत जोडलं गेलं का बघा. हा शेवटचा भाग विसरू नका.

वीज आणि जागा

दोन्ही नास एकाच यूपीएसवर, एकाच स्विचला, एकाच कपाटात असतील तर तो यूपीएस गेल्यावर दोन्ही जातात. शक्य असेल तर वेगळा स्विच, वेगळा यूपीएस. एकच यूपीएस असेल तर निदान डीएसएममधलं नेटवर्क यूपीएस सर्व्हर चालू करा, यूपीएसची यूएसबी वायर एकाच नासला लागते पण ती दुसरीला नेटवर्कवरून सांगते की बॅटरी संपत आली, आणि दोन्ही नीट बंद होतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी शाखा असेल आणि दुपारी लाइट जात असेल तर हे पहिल्याच दिवशी करा, अर्धवट लिहिताना बंद पडलेला डेटाबेस दुरुस्त करणं फार कटकटीचं असतं.

कन्झ्युमर म्हणजे बॅकअप नाही

कुणी चुकून प्रोव्हायडरवर अख्खा ग्रुप डिलीट केला तर तो थोड्याच वेळात नास दोनवरूनही जातो, सिंकचं कामच ते आहे. म्हणून बॅकअप अँड रिस्टोअरमधून नेमानं बॅकअप घ्या, जुन्या काही फाइली ठेवा, आणि एक प्रत दोन्ही नासच्या बाहेर असू द्या.

नास एक कायमची गेली तर हीच फाइल उपयोगी पडते. नास दोन लॉगिन सांभाळत असते, त्यामुळे हातघाईवर यायचं कारण नाही. नवीन नास आणा, तिला तोच आयपी आणि तेच नाव द्या, एलडॅप सर्व्हर टाकून प्रोव्हायडर करा, एफक्यूडीएन अक्षर न अक्षर तोच द्या, बॅकअप रिस्टोअर करा, युजरचे नंबर नास दोनवरच्या नंबरांशी ताडून बघा, आणि सगळं जुळलं की मगच नास दोनला या नवीन प्रोव्हायडरला जोडा. हा क्रम उलटा करायचा नाही. रिकाम्या प्रोव्हायडरला नास दोन जोडली तर तुमच्याकडची शेवटची चांगली यादी पण रिकामी होऊ शकते.

आणि रोजच्या वापरातली एक तपासणी लावून घ्या. कुणी नोकरी सोडून गेलं की आपण प्रोव्हायडरवर त्याचं खातं बंद करतो. सिंक मधेच तुटलेलं असेल तर नास दोनवर ते खातं अजून चालू असतं, जुना पासवर्ड चालतो, आणि फोल्डर उघडतात. म्हणून खातं बंद केलं की लगेच नास दोनवर त्याच खात्यानं लॉगिन होत नाहीये ना हे बघा, आणि एचआरकडून जो सोडून जाणाऱ्यांचा चेकलिस्टचा कागद येतो त्यात नास दोनसाठी वेगळी ओळ घालून घ्या.